कळसूबाई, पिकअप-ड्रॉपसह

कळसूबाईला जायचं म्हणून काकांनी तीन कोटेशनं मागवली. सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं खरेदी खात्यात काढलेला माणूस. साधा वॉशरसुद्धा तीन पार्ट्यांचे भाव घेतल्याशिवाय घेतला नाही, तो १६४६ मीटरचा डोंगर एका पार्टीच्या तोंडी शब्दावर कसा घेणार? कोटेशनं आली. तुलनात्मक तक्ता झाला. ‘डोंगर’ हा रकाना तिघांचाही सारखाच निघाल्यामुळे निर्णय नाश्ता, गाइड आणि परतीच्या चहावर आला आणि जो चहाबरोबर बिस्किटं देणार होता त्याला ऑर्डर गेली.

या काकांना नाव द्यायची गरज नाही. नाशकात गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, कुठल्याही सोसायटीत पार्किंगच्या नियमांची पाटी ज्यांच्या अक्षरात असते, ते हे. वय साठीच्या पुढे, गुडघे अजून शाबूत, फ्लॅटचे हप्ते फिटलेले, मुलगा पुण्यात किंवा त्याहून लांब. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सात फेऱ्या. त्यातल्या दोन चालण्याच्या, पाच बोलण्याच्या. या मंडळींना अलीकडे डोंगर खुणावू लागला आहे. पण डोंगर हवा म्हणजे कसा हवा? चढ हवा, पाठीवर पिशवी नको. गावचं जेवण हवं, पाणी मात्र सीलबंद. निसर्ग हवा, त्यात दुसरी माणसं नकोत. इस्पितळात जशी प्रायव्हेट रूम मिळते तसा एका दिवसापुरता प्रायव्हेट डोंगर मिळावा, तो दाराशी आलेल्या गाडीपासून सुरू व्हावा आणि दाराशीच संपावा, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

या जातीत पोटजातीही आहेत. हरिहरवाल्याला किल्ला नको असतो, पायऱ्या हव्या असतात. कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या, हात अडकवायला खोबण्या असलेल्या त्या पायऱ्यांवर त्याचा मागे वळून पाहतानाचा फोटो निघाला की त्याच्या लेखी हरिहर संपला. माथ्यावर तळं आहे की मळा, त्याला देणंघेणं नाही. उतरताना तो शेजारचा स्कॉटिश कडा दाखवून तिथे कुणी स्कॉटिश माणूस चढला होता असं ठोकून देतो. चढला होता तो डग स्कॉट, १९८६ साली. आणि तो अस्सल इंग्लंडचा, नॉटिंगहॅमचा. आडनावाने त्याला कायमचं स्कॉटलंडला नेऊन सोडलं. अंजनेरीवाला विद्वान असतो. त्याला गिधाडं आणि ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ नावाचं, त्या डोंगराच्या नावाने जगाला ठाऊक झालेलं कंदीलपुष्प पाहायचं असतं, आणि वाटेत हनुमानाचा जन्म इथलाच कसा हे गाइडला पटवून द्यायचं असतं. गाइड तिथलाच, त्याला कधीच शंका नसते. याच प्रश्नावर २०२२ साली नाशकात साधूंचा शास्त्रार्थ भरला होता. त्यात जन्मस्थानाआधी कुणी कुठल्या आसनावर बसायचं यावरूनच वाद झाला, ही गोष्ट अंजनेरीवाला सांगत नाही. साल्हेरवाला सगळ्यात नवा. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं आणि बागलाणातला साल्हेर त्यात आला, तेव्हापासून हा १६७२च्या लढाईचा नकाशा खिशात ठेवून फिरतो. तो इतिहास सांगणारा गाइड पैसे देऊन घेतो आणि दिवसभर त्याच्या चुका काढतो.

काका मात्र कळसूबाईवाले. राज्यातलं सर्वांत उंच शिखर. त्याहून कमी काही घेणं त्यांच्या स्वभावात नाही. फ्रीजही त्यांनी सोसायटीत सर्वांत मोठा घेतला होता.

काकांच्या डोंगरप्रेमाचा उगम शोधायला मात्र स्वित्झर्लंडला जावं लागतं. निवृत्तीनंतर काका-काकू एका टूरबरोबर युरोपला जाऊन आले. त्यात युंगफ्राऊ होतं. आयगरच्या पोटातून बोगदा खणून १९१२ साली पुरी केलेली ती रेल्वे प्रवाशाला ३४५४ मीटरवर नेऊन सोडते, आणि वर ‘बॉलीवूड’ नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे. काकांनी तिथे बर्फाकडे पाठ करून भात आणि डाळ खाल्ली. तेव्हापासून उंचीविषयी त्यांचं गणित पक्कं झालं: ३४५४ला आपण वरणभात खाऊन आलो, मग १६४६ म्हणजे निम्म्याहून कमी. या गणितात आगगाडीचा हातचा धरायचा राहतो, हे काकूंनी एकदा सांगून पाहिलं. काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खरं तर नाशिककराला डोंगर नवा नाही. गर्दीशिवायचा डोंगर नवा आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी असते. वीसेक किलोमीटर, आदल्या रात्रीपासून, पावसात, चिखलात, बहुतेक अनवाणी, आणि माणसं इतकी की थांबायचं म्हटलं तरी मागचे थांबू देत नाहीत. चैत्रात खानदेशातून लोक दिवसच्या दिवस चालत सप्तशृंगीला येतात, कोजागरीला कावडी येतात. काकांच्या आईने ब्रह्मगिरीची फेरी अकरा वेळा केली होती. गाइड नव्हता, हायड्रेशन नव्हतं. एका पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि दुसऱ्या हाताला लहानपणचे काका. सहाव्या वर्षी गर्दीत काकांचा हात सुटला आणि ते तासभर हरवले होते. तेव्हा ते सापडले एका अनोळखी बाईच्या कडेवर, लाडू खात. प्रायव्हेट हा शब्द त्यांच्या आयुष्यात एवढा का घर करून बसला असेल, याचा कुणी मानसोपचारतज्ज्ञ शोध घेईल तर त्याने त्या सोमवारापासून सुरुवात करावी.

तारीख ठरवताना काकांनी डोकं चालवलं. रविवार नको, कारण शनिवारी रात्रीपासूनच मुंबई-पुण्याची पोरं बॅटऱ्या घेऊन चढतात. सुट्टीचा दिवस नको. गुरुवार घेतला. आयोजक पोरगा फोनवर अडखळला.

“काका, त्या गुरुवारी नवरात्र चालू आहे.”

“मग? तुमच्या गाइडला उपास असेल तर आमची काही हरकत नाही.”

“तसं नाही काका, तिथे—”

“गुरुवार. वर्किंग डे. फायनल.”

हा संवाद स्वयंपाकघरातून काकूंनी ऐकला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त कपाट उघडून एक खण काढला, नारळ आणायला सांगितला, आणि ओटीची पिशवी तयार ठेवली. वर्षभर काकांनी ‘ट्रेक’ हा शब्द काढला की त्यांचे गुडघे दुखायचे. या वेळी दुखले नाहीत.

गुरुवारी पहाटे पाचला गाडी आली. काकांच्या अंगावर जे होतं त्याची यादी करायची तर वेगळं कोटेशन लागेल: घोट्यापर्यंतचे बूट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, दोन घडीच्या काठ्या, मानेभोवती नळकांड्यासारखं फडकं, आणि पाठीवर पाण्याची ती पिशवी, जिची नळी तोंडात धरून ओढली की पाणी येतं असं म्हणतात. काकांच्या तोंडात दिवसभर हवाच आली. काकूंनी नेसली होती नऊवारी नव्हे, पण घरातली सुती सहावारी, आणि पायांत रोजच्या भाजीबाजारच्या चपला.

मुंबई नाका, पाथर्डी फाटा, विल्होळी. वाटेत मिसळ झाली. काळ्या मसाल्याची, कारण नाशिककराला रस्सा काळा नसला तर मिसळ आजारी वाटते. काकूंचा उपास होता. त्यांनी केळं खाल्लं आणि ड्रायव्हरला त्याच्या मुलांची नावं विचारली. वाडीवऱ्हे मागे पडलं, घोटी आली. घोटीला हवेलाच भाताच्या गिरण्यांचा वास असतो. इथून हमरस्ता सोडून भंडारदऱ्याचा रस्ता धरायचा. २०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि मुंबईकराला हा भाग आणखी जवळ आला, यावर काकांनी ड्रायव्हरला दहा मिनिटं ऐकवलं. त्यांचा राग महामार्गावर नव्हता; मुंबईकर येऊन ‘आपला’ डोंगर वापरतात यावर होता.

आता हा डोंगर कुणाचा, हाही एक प्रश्नच आहे. कळसूबाईची रांग इगतपुरी आणि अकोले या दोन तालुक्यांच्या हद्दीवर उभी आहे. उत्तरेकडचं इंदोरे गाव नाशिक जिल्ह्यातलं. लोक जिथून चढतात ते बारी गाव अकोले तालुक्यातलं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. काकांची भूमिका स्पष्ट आहे: डोंगर नाशिकचा, नगरकडे फक्त पायथा सांभाळायला दिलेला आहे.

बारीच्या अलीकडेच गाडी थांबली. पुढे जीपा, टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर, मोटारसायकली. नारळ-फुलांच्या पाट्या मांडलेल्या, लाउडस्पीकरवर देवीची गाणी, कपाळभर हळदकुंकू लावलेल्या बायांचे घोळके. काकांनी काच खाली केली.

“हे सगळे लोक कोण?”

“देवीचे,” ड्रायव्हर म्हणाला.

“कधीपर्यंत आहेत?”

“नऊ दिवस.”

काकांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं. काकू ओटीच्या पिशवीची गाठ सोडत होत्या.

गाइड बारीचाच. तेवीस-चोवीसचा पोरगा, अंगात कुठल्यातरी मॅरेथॉनचा टी-शर्ट, पायात सँडल. त्याने काकांची पिशवी उजव्या खांद्यावर घेतली, काकूंची मागितली. काकूंनी दिली नाही. काकांनी वाटाघाट तिथेच मांडली. आपण पैसे भरले आहेत ते प्रायव्हेट ट्रेकचे, तेव्हा गर्दी नसलेल्या वाटेने न्यावं. पोरगा विचारात पडला. नकार कसा द्यायचा हे त्याला शिकवलेलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “साहेब, वाट एकच धरायची आपल्याला. पण मी फक्त तुमचाच आहे.” यावर काकांना बोलता येईना.

इथे काकांची बाजूही घ्यायला हवी. सह्याद्रीत गाइड न घेता, फोनमधल्या नकाशावर भरवसा ठेवून जाणारे, वाट चुकणारे, रात्री कड्यावर अडकणारे आणि मग गावातल्या पोरांना दोर घेऊन धावायला लावणारे वीर कमी नाहीत. त्यांच्यापेक्षा काका हजार पटींनी बरे. त्यांचा पैसा बारीत उतरतो, त्या पैशात कुणाची फी भरली जाते, आणि ते कचरा पिशवीत घालून परत आणतात. वर इतरांचा कचरा मोजून त्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. चेष्टा करायची ती त्यांच्या गाइड घेण्याची नाही. गाइडबरोबर डोंगरही भाड्याने मिळाला असं त्यांना वाटलं, त्याची आहे.

भातखाचरं संपली आणि चढ लागला. सोनकी फुललेली, उतार पिवळेधमक, तेरड्याचे गुलाबी पट्टे. काकांचं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण ते त्यांचे ठोके मोजत होतं. पहिल्या टप्प्यालाच त्यांनी विचारलं, “किती राहिलं?” पोरगा म्हणाला, “आलंच आता, पाच मिनिटं.” सह्याद्रीतल्या पाच मिनिटांवर कुणीतरी संशोधन करायला हवं. ती डोंगरातल्या माणसाची पाच मिनिटं असतात, पायांची असतात, आणि मुख्य म्हणजे ती दयेपोटी दिलेली असतात. खरा आकडा सांगितला तर साहेब इथेच बसेल, आणि बसलं की पाय धरतात. काकांना दोन तासांत अशी अकरा वेळा पाच मिनिटं मिळाली. त्यांनी ती डायरीत टिपून ठेवली आहेत.

वाटेत पोरग्याने कळसूची गोष्ट सांगितली. ती अशी. कळसू ही कोळ्यांची पोर. भटकायची आवड. फिरत फिरत पायथ्याच्या इंदोऱ्यात आली आणि एका घरी कामाला राहिली. पण राहण्याआधी तिने अट घातली: भांडी घासणार नाही आणि केरकचरा काढणार नाही. बाकी सांगाल ते करीन. मालकाने अट मान्य केली. दिवस बरे चालले होते. एके दिवशी घरी पाहुणे फार आले आणि मालकाने तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलं. कळसूने निमूट काम केलं, आणि उठून डोंगरावर निघून गेली ती कायमची. जिथे तिने भांडी घासली ते थाळेमेळ, जिथे केर काढला तो काळदरा. आणि जिथे ती जाऊन बसली, त्याहून उंच महाराष्ट्रात काही नाही.

काका दगडावर टेकून ऐकत होते. खरेदी खात्यात असल्यामुळे त्यांनी आयुष्यात करार पुष्कळ वाचले होते.

“अट लेखी होती का?”

“नाही साहेब. तोंडी.”

“नोटीस पिरियड?”

पोरग्याला शब्द कळला नाही. मागून चढणाऱ्या एका म्हातारीला मात्र आशय कळला असावा. काखेत फुलांची परडी, पाय अनवाणी, टाचा भेगाळलेल्या. ती म्हणाली, “देवीला कसली नोटीस रं बाबा? तिनं भांडी घासली, पगार सोडला न् गेली वर.” आणि ती काकांना ओलांडून पुढे गेली. दिवसभरात काकांना ओलांडून जाणाऱ्यांची संख्या त्यांनी डायरीत टिपलेली नाही.

मग शिड्या आल्या. कातळाचे उभे टप्पे चढायला कळसूबाईवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. त्या नसत्या तर काकांच्या कोटेशनात वेगळीच बाब दिसली असती. एरवी पाय नीट टाकला तर शिडी हे काही संकट नाही. नवरात्रात मात्र शिडीला रांग असते. रांग म्हटल्यावर काका अस्वस्थ झाले. त्यांनी पोरग्याला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, आपल्यासाठी वेगळी काही सोय आहे का. व्हीआयपी दर्शनासारखी. पोरगा हसला नाही, हे त्याच्या धंद्याचं यश. तो एवढंच म्हणाला, “साहेब, शिडी सरळ आहे. तिला आडवाट नाही.”

रांगेत काकांच्या पुढे सिन्नरकडच्या बायांचा जीपभर घोळका होता आणि त्या घोळक्याच्या मध्यभागी काकू होत्या. त्या कधी पुढे गेल्या हे काकांना कळलंच नव्हतं. काठ्या नाहीत, पट्टे नाहीत. पदर खोचलेला, चपला हातात. त्यांना आतापर्यंत सहाजणींची माहेरं, दोघींच्या सुनांची बाळंतपणं आणि एकीचा शेतीचा दावा ठाऊक झाला होता. एकीने त्यांना वरीच्या तांदळाचा लाडू दिला होता. शिडीच्या मध्यावर काकांच्या दोन्ही काठ्या पायरीत अडकल्या. वरून उतरणारे थांबले, खालून चढणारे थांबले, काका ‘एक मिनिट, एक मिनिट’ म्हणू लागले. हे शहरी मिनिट, ते खरंच मिनिटभर टिकतं. खालून कुणीतरी ओरडलं, “बाबा, काठ्या टाका खाली, कोणी नेणार नाही!” काकांनी काठ्या टाकल्या. त्या खाली उभ्या असलेल्या एका शाळकरी पोराने झेलल्या आणि त्यांच्या मागोमाग वर आणून दिल्या. काकांनी त्याला वीस रुपये देऊ केले. पोराने ते देवीपुढे टाकायला सांगितले.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे सपाटी आणि विहीर आहे. तिथे सरबत, ताक, काकडी. इथवर ताकाचं भांडं आणणारी माणसं रोज पहाटे हाच डोंगर ओझ्यासकट चढतात, ही गोष्ट काकांच्या घड्याळाला मोजता येत नव्हती. त्यांनी सीलबंद पाण्याचा आग्रह सोडून दोन ग्लास ताक घेतलं. नळीतून अजून हवाच येत होती.

माथा लहान आहे, देऊळ त्याहून लहान. आत तीन-चार माणसं जेमतेम मावतात. बाहेर भगवा फडफडत होता, घंटा थांबत नव्हती, आणि रांग देवळाला वेढा घालून उभी होती. काकू त्यांच्या मैत्रिणींबरोबर ओटी भरून बाहेर येऊन बसल्या होत्या. हो, मैत्रिणीच; चार तासांत शहरी माणसाची ओळख होते, बायांची मैत्री होते.

काकांचा माथ्यावरचा कार्यक्रम ठरलेला होता. पहिली गोष्ट, शिखरं ओळखणं. त्यासाठी फोनमध्ये खास सोय घेतली होती. फोन समोर धरला की शिखरांची नावं दिसतात. नावं दिसली नाहीत, कारण नेटवर्क माथ्यावरच्या गर्दीत वाटलं गेलं होतं. पोरग्याने बोटाने दाखवलं: ते अलंग, मधला मदन, तो कुलंग, खाली चकाकतंय ते भंडारदऱ्याचं पाणी, इंग्रजांनी १९२६ला बांध पुरा केला तो, पल्याड रतनगड, त्याच्यातूनच प्रवरा निघते, आणि हवा उघडली तर त्र्यंबकची रांग. काकांनी अलंगला कुलंग आणि कुलंगला अलंग म्हणून पाहिलं. पोरग्याने ‘बरोबर’ म्हटलं. चुकीवर बोट ठेवून भांडायला तो साल्हेरवाला नव्हता.

दुसरी गोष्ट, गणित. कळसूबाईला महाराष्ट्राचं एव्हरेस्ट म्हणतात. एव्हरेस्ट ८८४९ मीटर, म्हणजे एकावर एक पाच कळसूबाई आणि वर आणखी एक तृतीयांशाहून थोडं जास्त. काकांनी हे काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, “मग पाच वेळा येऊ की.”

तिसरी गोष्ट, फोटो. काकांना असा फोटो हवा होता ज्यात शिखर असेल, काका असतील आणि तिसरं कुणी नसेल. पाचशे माणसांत हे जमवणं म्हणजे कलाच. पोरगा कातळावर उताणा झोपला, फोन आकाशाकडे धरला, काकांना कडेला हात पसरून उभं केलं. फोटो अप्रतिम आला: निळं आभाळ, ढग, आणि सर्वांत उंचीवर एकटे काका. आज तो दिवाणखान्यात मोठा करून लावलेला आहे. नीट पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात कुणाचातरी हात दिसतो, त्यात बांगड्या आहेत आणि अर्धा नारळ. काका म्हणतात ती फ्रेमची खोड आहे.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला, कारण उतरताना गुडघ्यांना आपली जात आठवते. जेवण पॅकेजमध्ये होतं, पोरग्याच्या घरी. सारवलेली ओटी, तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वर इंद्रायणीचा वाफाळता भात. काकूंना भगर आणि दाण्याची आमटी वेगळी. काका तीन भाकरी जेवले. जेवताना त्यांनी पोरग्याच्या आईला युंगफ्राऊवरच्या वरणभाताविषयी सांगितलं. ती माउली म्हणाली, “तिकडं बी पाणी डोक्यावरच आणावं लागतं का?” काकांना याचं उत्तर माहीत नव्हतं, टूर-मॅनेजरने ते सांगितलं नव्हतं.

हात धुवायची वेळ झाली. काकूंनी सवयीने आपलं ताट उचललं आणि मोरीकडे निघाल्या. काका बसून होते. समोर त्यांचं ताट, ताटात ठेच्याचा ठिपका, आणि समोरच्या दारातून सरळ दिसणारा डोंगर. त्यांच्या मनात काय आलं ते सांगता येणार नाही, पण ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले, ताट हातात घेतलं आणि भांडी घासायची राख कुठे आहे असं विचारल्यासारखं इकडेतिकडे पाहू लागले.

पोरगा धावला. “राहू द्या साहेब, राहू द्या! जेवणात इन्क्लुझिव्ह आहे.”

काकांनी ताट ठेवलं.

पुढचे दोन महिने जॉगिंग ट्रॅकवर कळसूबाई चालली. पहिल्या आठवड्यात शिड्या होत्या तेवढ्याच होत्या. दिवाळीपर्यंत त्या दुप्पट झाल्या आणि त्यांचं लोखंड हलू लागलं. तिसऱ्या सोमवारची फेरी दरवर्षी करणारे एक पेन्शनर त्या कट्ट्यावर आहेत. त्यांनी कितीला पडलं ते विचारलं. काकांनी आकडा सांगितला. पेन्शनर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी नाश्त्यात काय होतं ते विचारलं.

काकांनी आता अलंग-मदन-कुलंगसाठी चौकशी सुरू केली आहे. तिथे दोर लागतो म्हणतात, तेव्हा कोटेशन पाच मागवणार. काकूंना त्यांनी विचारलं, येणार का. काकू फोनवर होत्या. सिन्नरच्या मैत्रिणींचं पुढच्या नवरात्राचं ठरत होतं: पहाटे तीनला सिन्नरहून जीप, माणशी भाडं आत्ताच गोळा करायचं, भाकरी प्रत्येकीने आपापली आणायची, गाइड नाही. काकूंनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “नाही हो, माझं बुक झालंय.”

काकांनी थोडा वेळ पेपर वाचला. मग पेपराच्या मागूनच विचारलं, “जीपमध्ये जागा आहे का एक?”

काकूंनी फोनवर विचारून घेतलं. “आहे म्हणतात. मागच्या बाकावर. पाचजणींत सहावे.”

“पिकअप कुठून?”

“सिन्नर स्टँड,” काकू म्हणाल्या. “आपलं आपण यायचं.”